नाव सारखं, पण नातं कोणतं?

आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा गाणी ऐकायला जमतो. शेवटचा अर्धा तास प्रश्नमंजुषेचा असतो. गेल्या खेपेला प्रश्न आला : बँडचं नाव, त्याच्या पहिल्या अल्बमचं नाव आणि त्या अल्बममधल्या पहिल्या गाण्याचं नाव एकच, साल १९७०, ओळखा. तिघं एकदम ओरडले, 'ब्लॅक सॅबथ!' गुण कुणाला द्यायचा यावर थोडी हुज्जत झाली आणि मग खरा वाद पेटला. एकजण म्हणाला, असली माहिती म्हणजे डोक्यातली अडगळ. गाण्याशी तिचा काडीचा संबंध नाही. दुसरा म्हणाला, अडगळ कसली, हा चोरीचा पुरावा आहे. रोलिंग स्टोन्सनी तर स्वतःचं नावसुद्धा एका काळ्या गायकाच्या गाण्यावरून उचललं. तिसरा समजुतीच्या सुरात म्हणाला, अरे, योगायोग आहेत हे, गंमत म्हणून घ्या आणि सोडून द्या. रात्री साडेअकराला घरी निघालो तेव्हा मला या तिन्ही मतांची सारखीच चीड आली होती.

चीड यासाठी की तिघांपैकी कुणीच 'हे नाव सारखं का आहे?' असं विचारलं नाही. माझं म्हणणं असं : बँड आणि गाणी यांची नावं जुळतात तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा एक नातं असतं. कधी ते ऋणाचं असतं, कधी स्वतःची द्वाही फिरवण्याचं, कधी सरळसरळ बळजोरीचं. ते नातं शोधलं की ही माहिती क्षुल्लक राहत नाही, ती संगीताच्या इतिहासाचा भाग होते. न शोधता नुसती जोडी पाठ करणाऱ्यांनी आणि त्या पाठांतराची हेटाळणी करणाऱ्यांनी मिळून या विषयाचं सारखंच नुकसान केलं आहे.

रोलिंग स्टोन्सपासून सुरुवात करू, कारण चोरीचा आरोप तिथे झाला. १९६२ साली लंडनमध्ये काही पोरं ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकी लोकांचं संगीत, वाजवत होती. त्यांच्यातला ब्रायन जोन्स 'जॅझ न्यूज' या नियतकालिकाला फोन करून कार्यक्रमाची जाहिरात देत होता. पलीकडून विचारलं, बँडचं नाव काय? नाव ठरलेलंच नव्हतं. जमिनीवर मडी वॉटर्सची रेकॉर्ड पडली होती, तिच्यावरच्या गाण्यांच्या यादीत 'रोलिन स्टोन' होतं. तेच नाव सांगून टाकलं, अशी हकीकत कीथ रिचर्ड्सने सांगितली आहे. १२ जुलै १९६२ ला मार्की क्लबमध्ये त्या नावाने पहिला कार्यक्रम झाला. गोष्ट इथे संपवली तर तो योगायोग वाटतो. पण जमिनीवर नेमकी मडी वॉटर्सचीच रेकॉर्ड का पडली होती? आदल्या वर्षी डार्टफर्डच्या रेल्वे फलाटावर मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स यांच्या रेकॉर्डी होत्या. त्या रेकॉर्डी दिसल्या म्हणून संवाद सुरू झाला. म्हणजे ते नाव फोनवर दोन सेकंदांत सुचलं असेल, पण त्याची तयारी वर्षभर चालली होती. घरात ज्याची पूजा चालते त्याचंच नाव ऐनवेळी तोंडात येतं.

आणि ते गाणं तरी कुठून आलं? मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारा मॅकिन्ली मॉर्गनफील्ड शिकागोला येऊन मडी वॉटर्स झाला आणि १९५० साली चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने 'रोलिन स्टोन' गायलं. साथीला दुसरं कुणी नाही, त्याचा आवाज आणि त्याचीच विजेवरची गिटार. गाण्यात आई बापाला सांगते की मुलगा होणार आहे आणि तो गडगडत जाणारा धोंडा होणार आहे. जन्माआधीच नाव ठेवण्याचा प्रसंग! पण हे गाणंही कोरं नव्हतं. मिसिसिपीच्या खोऱ्यात 'कॅटफिश ब्लूज' म्हणून जे गायलं जायचं, ज्याची एक रेकॉर्ड रॉबर्ट पेटवेने १९४१ साली केली, त्याच्याच पोटातून ते आलं आहे. 'गडगडत्या धोंड्यावर शेवाळ धरत नाही' ही इंग्रजी म्हण तर त्याहून कितीतरी जुनी. पुढे १९६५ साली बॉब डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' आलं, १९६७ च्या नोव्हेंबरात 'रोलिंग स्टोन' हे नियतकालिक निघालं आणि त्याच्या पहिल्याच अंकात संपादकाने नावाची वंशावळ मांडली : मडी वॉटर्सचं गाणं, त्यावरून नाव घेतलेला बँड, आणि डिलन. ही वंशावळ म्हणजे निव्वळ ट्रिव्हिया आहे का? एका म्हणीपासून निघून डेल्टातल्या मळ्यातून, शिकागोच्या स्टुडिओतून, लंडनच्या क्लबमधून सॅन फ्रान्सिस्कोच्या छापखान्यापर्यंत पोचलेली वाट एका नावामुळे दिसते. एवढं काम करणारी दुसरी कुठली दोन शब्दांची माहिती आहे, सांगा.

आपल्याकडे हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. 'एका जनार्दनी' या दोन शब्दांवर आपण लहानपणापासून टाळ वाजवत आलो आहोत. एकनाथांनी आपल्या अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घातलं, ते गुरूच्या नावाला जोडून. जनाबाईने 'नामयाची दासी' म्हणून सही केली. कुणी म्हणतं का, की नाथांनी जनार्दनस्वामींचं नाव चोरलं? नाव अंगावर घेणं म्हणजे 'मी कुणाचा' हे जन्मभर जाहीर करणं. जोन्सने फोनवर केलं ते इतकं विचारपूर्वक नव्हतं, हे कबूल. पण साठ वर्षं ते नाव मिरवताना प्रत्येक मुलाखतीत 'हे कुठून आलं?' या प्रश्नाचं उत्तर 'मडी वॉटर्स' असंच द्यावं लागलं. मळ्यातून आलेल्या त्या माणसाचं नाव जगातल्या किती पोरांनी या एका उत्तरामुळे पहिल्यांदा ऐकलं असेल!

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो, कारण तो भावनेच्या भरात मांडला गेला तरी खोटा नाही. नाव घेऊन मान दिला हे ठीक, पण मानाने पोट भरतं का? काळ्या कलावंतांची गाणी गाऊन गोरे बँड कोट्यधीश झाले आणि मूळ गाणाऱ्यांना तुटपुंजं मिळालं, हा इतिहास आहे. स्वतः रोलिंग स्टोन्सनी १९६९ साली 'लव्ह इन व्हेन' गायलं तेव्हा अल्बमवर श्रेय छापलं 'वूडी पेन' या नावाला. गाणं होतं ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं, जो १९३८ साली वारला होता. म्हणजे गुरूचं नाव पाटीवर लावणारेही हिशेबाच्या वहीत निष्काळजी होते. मला हा मुद्दा पूर्ण मान्य आहे. नाव हे मोबदल्याच्या बदल्यात चालत नाही.

पण त्यातून निष्कर्ष मात्र उलटा काढला जातो. ज्यांनी खरोखर उचलेगिरी केली त्यांनी ती कशी केली, हे पाहा. लेड झेपेलिन या इंग्रज बँडच्या 'होल लॉट्टा लव्ह'मध्ये, पुन्हा १९६९ सालच, ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या 'यू नीड लव्ह'चे शब्द आहेत. ते गाणं १९६२ साली मडी वॉटर्सनेच गायलं होतं. तिथे नाव मुद्दाम वेगळं आहे आणि श्रेयात डिक्सन नाही. डिक्सनला १९८५ साली कोर्टात जावं लागलं, १९८७ साली तडजोड झाली, मग त्याचं नाव श्रेयात आलं. ज्याला लपवायचं असतं तो नाव बदलतो. 'लव्ह इन व्हेन'मध्येही लबाडी झाली ती नाव पुसून, दुसरंच नाव छापून. सारखं नाव उघड्यावर दिसतं, त्यावर बोट ठेवता येतं, 'हे कुठून आणलं?' असं विचारता येतं. माझ्या मित्राने ज्या गोष्टीला चोरीचा पुरावा म्हटलं, तिच्यामुळेच तर त्याला मडी वॉटर्स हे नाव ठाऊक होतं. चोरी शोधायची तर त्याने जुळणारी नावं सोडून न जुळणाऱ्या नावांकडे वळावं. तिथे ती सापडेल.

१९६४ साली रोलिंग स्टोन्स अमेरिकेला पहिल्यांदा गेले तेव्हा शिकागोतल्या २१२०, साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर, म्हणजे चेसच्या स्टुडिओत, रेकॉर्डिंग करायला पोचले आणि तो पत्ताच एका वाद्यरचनेला नाव म्हणून दिला. पुढच्या वर्षी 'शिंडिग' या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात बोलावणं आलं तर त्यांनी हाउलिन वुल्फ या काळ्या ब्लूज गायकालाही बोलवा असा आग्रह धरला, आणि तो गात असताना हे त्याच्या पायाशी बसले. गोऱ्या अमेरिकेच्या दिवाणखान्यात हाउलिन वुल्फ त्या संध्याकाळी पोचला. याने जॉन्सनच्या श्रेयाची चूक धुऊन निघत नाही. पण ज्यांनी नाव घेतलं त्यांना त्या नावाचा भार जाणवत होता, एवढं तर यातून दिसतं.

ऋण नेहमी इतकं मोठं असेलच असं नाही. कधी ते अगदी घरगुती असतं आणि मला ते जास्तच आवडतं. डीप पर्पल हे नाव ऐकल्यावर आपल्या कानात गिटारचा कल्लोळ उठतो. प्रत्यक्षात ते नाव पीटर डीरोझच्या एका हळुवार पियानोरचनेचं आहे, १९३८ साली मिचेल पॅरिशने तिला शब्द दिले. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्या आजीचं ते आवडतं गाणं होतं. १९६८ साली नातवाने ते आपल्या बँडला लावलं. जगातल्या सर्वांत कर्कश म्हणून गाजलेल्या बँडांपैकी एकाच्या पाटीवर आजीचं अंगाईसारखं गाणं कोरलेलं आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या शाळेत सुरू झालेल्या 'ऑन अ फ्रायडे' या बँडला १९९१ साली रेकॉर्ड कंपनीने नाव बदलायला सांगितलं तेव्हा त्यांनी टॉकिंग हेड्सच्या १९८६ च्या 'ट्रू स्टोरीज' अल्बममधलं 'रेडिओ हेड' हे गाणं निवडलं आणि ते रेडिओहेड झाले. लेमीचं उदाहरण आणखी वेगळं. 'मोटरहेड' हे त्याने हॉकविंड या बँडसाठी लिहिलेलं गाणं. १९७५ साली कॅनडाच्या सीमेवर अटक झाल्यावर हॉकविंडने त्याला काढून टाकलं. त्याने आपलं गाणं बरोबर नेलं आणि नव्या बँडला तेच नाव दिलं. घराबाहेर काढलेला माणूस आपली एकच वस्तू उचलून निघावा, तसं.

माहितीला अडगळ म्हणणाऱ्याचा मुद्दा आता बघू. तो म्हणतो, सगळ्या जोड्या पाठ असणाऱ्याला गाणं ऐकता येतंच असं नाही. खरं आहे. असे लोक मी पाहिले आहेत. त्यांना साल, लेबल, क्रमांक सगळं येतं आणि गाणं लागलं की ते फोनमध्ये डोकं घालतात. पण नाव आणि नाद यांच्यात भिंत आहे हे मात्र चूक. ज्या प्रश्नावरून वाद झाला तोच घ्या. ब्लॅक सॅबथ या बर्मिंगहॅमच्या चौघांच्या बँडचं नाव आधी 'अर्थ' होतं. त्याच नावाचा दुसरा बँड इंग्लंडात निघाला, लोकांची गल्लत होऊ लागली, म्हणून १९६९ साली नाव बदललं. मारिओ बाव्हाचा १९६३ चा एक इटालियन भयपट इंग्रजीत 'ब्लॅक सॅबथ' नावाने आला होता. ते नाव त्यांनी घेतलं. म्हणजे हे नाव उसनं, आणि तेही एका नावाची टक्कर झाली म्हणून घेतलेलं. आता ते गाणं लावा. पाऊस, ढगांचा गडगडाट, दूरवर घंटा, आणि मग टोनी आयोमीच्या गिटारीवर तीन स्वर : षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. आपल्या कानाला तीव्र मध्यम परका नाही, पण तो पंचमाकडे झुकलेला ऐकायची सवय असते. इथे तो पंचमावर जाऊन विसावत नाही. तो स्वर नुसता लोंबकळत ठेवला आहे आणि अंगावर काटा येतो. बँडमधल्या गीझर बटलरला होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ग्रहांवरच्या रचनांचं वेड होतं. त्यातल्या 'मार्स'ची सावली या तीन स्वरांवर आहे. बँडला, अल्बमला आणि गाण्याला एकच नाव देणं म्हणजे 'आम्ही कोण ते या तीन स्वरांत आहे' असं सांगणं. प्रश्नमंजुषेने ते उत्तर एका गुणात गुंडाळलं, हा प्रश्न विचारणाऱ्याचा दोष. माहिती बिचारी दार उघडून उभीच होती.

जाता जाता : १९८९ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एक बँड निघाला आणि त्याने ब्लॅक सॅबथने टाकून दिलेलं 'अर्थ' हे नाव आदराने उचललं. त्यांचं संगीत ऐकलं तर आयोमीचेच स्वर अतिशय संथ लयीत ताणून धरल्यासारखे वाटतात. नाव आणि नाद एकाच झऱ्याचे आहेत याचा यापेक्षा सरळ दाखला मला तरी ठाऊक नाही.

स्वतःच्या नावाचं गाणं करणं ही द्वाही बो डिडलीने सगळ्यात आधी जोरात फिरवली. १९५५ साली 'बो डिडली' या गाण्याने बो डिडली हा गायक जगासमोर आला. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला एड सलिव्हनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याला 'सिक्स्टीन टन्स' हे त्या वेळी गाजत असलेलं दुसऱ्याचं गाणं गायला सांगितलं होतं. त्याने 'बो डिडली' गायलं आणि सलिव्हन भडकला. त्याचं नंतरचं स्पष्टीकरण असं, की समोरच्या फलकावर 'बो डिडली' आणि 'सिक्स्टीन टन्स' असं लिहिलं होतं, मला वाटलं दोन गाणी गायची आहेत! ते भाबडेपण होतं की हिकमत, याचा निकाल कुणी लावू शकणार नाही. पण एका काळ्या गायकाला १९५५ च्या अमेरिकेत, सगळा देश बघत असताना, दुसऱ्याच्या गाण्याऐवजी स्वतःचं नाव गाता आलं ते नाव आणि गाणं एकच होतं म्हणून. याला गंमत म्हणून सोडून द्यायचं?

योगायोगवाल्या मित्राला मात्र एक मोठा तुकडा मी खुल्या मनाने देतो. १९८४-८५ मध्ये 'द पॉवर ऑफ लव्ह' नावाची तीन गाणी आली : फ्रँकी गोज टु हॉलिवूडचं, जेनिफर रशचं आणि ह्यूई लुइसचं. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, तिन्ही तुफान गाजली. पॉइंटर सिस्टर्सच्या 'जम्प'ला व्हॅन हेलनच्या 'जम्प'शी गल्लत होऊ नये म्हणून पुढे कंसात तीन शब्द जोडावे लागले. असे योगायोग पुष्कळ आहेत आणि ते व्हायलाच हवेत, कारण गाण्याच्या नावावर मालकी नसते. गाण्याचे शब्द, चाल यांना कॉपीराइट असतो. शीर्षकाला तो सहसा मिळत नाही. आपल्याकडेही 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हेच सांगितलं. 'प्रेमाची ताकद' हे शब्द कुणा एकाच्या खिशात गेले तर उरलेल्यांनी प्रेमावर लिहायचं कसं? आणि निव्वळ सारख्या नावावर भरवसा ठेवला तर फसगत होते, हे रागदारी ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कर्नाटकी हिंदोलम ऐकायला बसलात तर समोर येतो आपला मालकंस. आपला हिंदोल निराळाच, तीव्र मध्यमाचा. त्यांची तोडी म्हणजे आपल्या भैरवीचे स्वर. पण 'योगायोग आहे' हेसुद्धा तपासल्यावरच म्हणता येतं. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले गेले, ते अभ्यासकांनी भाषा पाहून, संदर्भ पाहून वेगळे काढायचा प्रयत्न केला. 'नावं सारखी आहेत, असोत' म्हणून ते गप्प बसले असते तर दोन कवींपैकी एक कायमचा नाहीसा झाला असता.

इथून मी सगळ्यात कठीण जागी येतो. गाण्याचं नाव सगळ्यांचं, पण बँडचं नाव? ते पोटापाण्याचं असतं. तिकीट काढणारा त्या नावावर विश्वास ठेवून पैसे देतो. १९६९ साली झॉम्बीज हा इंग्रज बँड मोडलेला असताना अमेरिकेत त्याच्या नावाने भलतेच लोक कार्यक्रम करत फिरले. म्हणून बँडच्या नावाला ट्रेडमार्कचं संरक्षण हवं, हे मला मान्य. इंग्लंडचा स्वेड अमेरिकेत 'द लंडन स्वेड' झाला, शार्लटन्सना तिथे देशाचं नाव जोडावं लागलं, बीटला 'इंग्लिश' हे विशेषण लागलं. कुणाचं फारसं बिघडलं नाही. पण नोंदणी म्हणजेच न्याय, असं मानणाऱ्यांनी फ्लीटवुड मॅकची कथा ऐकावी. १९६७ साली गिटारवादक पीटर ग्रीनने ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवुड आणि बास वाजवणारा जॉन मॅकव्ही या दोघांच्या आडनावांवरून एका वाद्यरचनेला ते नाव दिलं. तेच मग बँडचं झालं. १९७४ साली त्यांच्या मॅनेजरने 'नाव माझ्या मालकीचं आहे' असा दावा केला आणि भलतेच वादक घेऊन त्या नावाने अमेरिकेत दौरा काढला. दोन जिवंत माणसांची आडनावं, आणि ती त्यांची नाहीत म्हणे! कोर्टकज्ज्यात त्या बँडचं जवळजवळ वर्ष गेलं.

निर्वाणाची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. लंडनमध्ये 'निर्वाणा' नावाचा बँड होता, त्याचा पहिला अल्बम १९६७ चा. कर्ट कोबेनचा त्याच नावाचा अमेरिकी बँड १९८७ चा. दुसरा जगभर गाजल्यावर पहिल्याने अमेरिकेत दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली, दोघांनीही नाव वापरायचं ठरलं. पुढे लंडनवाल्यांनी कोबेनचं 'लिथियम' आपल्या पद्धतीने गायलं, इतकी कटुता निवळली. पण दावा कशावर चालला होता? ज्या शब्दाचा अर्थच विझणं, तृष्णेची आग शांत होणं, त्या शब्दावर. दर ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी दादरच्या चैत्यभूमीवर लाखो लोक ज्या शब्दासाठी पायी, गाडीने, मिळेल तसे येतात, त्याचा मालक कोण हे कॅलिफोर्नियातल्या कोर्टाला विचारलं गेलं. दोन्ही बँडांनी तो शब्द उसना घेतलेला होता. उसन्या वस्तूवर भांडताना निदान ती कुणाकडून आणली याची आठवण ठेवावी, एवढी अपेक्षा मी करतो. आमच्या बैठकीत या जोडीवरचा प्रश्न दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा त्या शब्दाच्या अर्थाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

आणि शेवटी २०२०. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाच्या हातून झालेल्या हत्येनंतर, जून महिन्यात, नॅशव्हिलच्या 'लेडी अँटेबेलम' या त्रिकुटाने जाहीर केलं की 'अँटेबेलम' या शब्दाला गुलामगिरीच्या काळाचा वास आहे, म्हणून यापुढे आम्ही 'लेडी ए'. हेतू चांगला. पण सिअ‍ॅटलमध्ये अनिता व्हाइट नावाची काळी ब्लूज गायिका वीस वर्षांहून अधिक काळ 'लेडी ए' याच नावाने गात होती. बोलणी फिसकटली आणि जुलैमध्ये त्रिकुटाने तिच्यावरच दावा लावला. त्यांच्याकडे २०११ ची ट्रेडमार्क नोंदणी होती. तिच्याकडे तिची वर्षं होती. 'दोघांनीही वापरू या की' असं त्रिकुटाचं म्हणणं ऐकायला किती रास्त वाटतं! पण इंटरनेटवर 'लेडी ए' शोधणाऱ्याला पुढे कोण सापडणार होतं? एकाला कोट्यवधी श्रोते आणि दुसरीला मोजके, अशा दोघांनी एकच नाव वापरायचं म्हणजे मोठ्याने धाकट्याच्या अंगावर झोपायचं. तडजोड व्हायला २०२२ उजाडलं. रोलिंग स्टोन्सच्या नावामुळे मडी वॉटर्स शोधला गेला; या त्रिकुटाच्या नावामुळे अनिता व्हाइट सापडेनाशी झाली. दोन्हीकडे 'सारखं नाव' आहे. प्रश्नमंजुषेत दोन्हींना एकेकच गुण आहे. फरक आहे तो नाव घेतल्यावर मूळ माणूस ठळक होतो की पुसला जातो, एवढाच, आणि माझ्या दृष्टीने सगळं त्यात आलं. कायद्याला हे मोजता येत नसेल, ऐकणाऱ्याला येतं.

पुढच्या बैठकीत प्रश्न काढायची पाळी माझी आहे. मी 'कोणत्या बँडने कोणत्या गाण्यावरून नाव घेतलं?' असं विचारणार नाही. आधी १९५० ची ती रेकॉर्ड लावेन, तीन मिनिटं, एक आवाज आणि एक गिटार. मग १९८१ च्या नोव्हेंबरातलं शिकागोच्या चेकरबोर्ड लाउंजमधलं चित्रीकरण दाखवेन : छोटासा क्लब, मंचावर म्हातारा झालेला मडी वॉटर्स, समोर टेबलाशी जगातला सगळ्यात बडा बँड, आणि तो त्यांना एकेक करून नावाने वर बोलावतो. जॅगर उठतो, रिचर्ड्स तर टेबलावरूनच चालत जातो. दीड वर्षाने मडी वॉटर्स गेला. चित्रीकरण संपलं की विचारेन, यात कुणी कुणाचं नाव घेतलं?